आधी खोट्या शहरात चालवून दाखवा : गृह विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. पोलीस महासंचालक
आणि ‘मार्व्हल’ कंपनीचे संचालक व तंत्रज्ञ

सविनय नमस्कार.

मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक स्वतंत्र कंपनी काढायचं ठरवलं. ‘मार्व्हल’ हे तिचं नाव. नागपूरची आयआयएम आणि पिनाका ही खासगी कंपनी तिच्यात भागीदार. पोलिसांसाठी अशी कंपनी काढणारं आपलं पहिलंच राज्य, असं तेव्हा अभिमानाने सांगितलं गेलं. गुन्ह्यांचे नमुने तपासून पुढचा गुन्हा कुठल्या भागात घडू शकेल याचा अंदाज बांधणं, हेही तिच्या कामांत सांगितलं गेलं. नंतर डिसेंबर २०२५मध्ये, नागपूरच्या २३ ठाण्यांत वापरून पाहिलेली ‘महाक्राइमओएस’ राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेणार अशी घोषणा झाली. ही दुसरी प्रणाली तपासाला मदत करणारी आहे, अंदाजाची नाही, हे मला कळतं. पण ठाण्याठाण्यातली नोंद एकदा एका साच्यात आली की तिच्यावर अंदाजाचं यंत्र बसवायला कितीसा वेळ लागणार? यंत्र बसल्यावर तक्रार करत बसण्यापेक्षा आत्ताच लिहिलेलं बरं, म्हणून हे पत्र.

मी सोलापुरात एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. राहते सेटलमेंटच्या बाजूला. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवायची ही जागा. कायदा १८७१चा. पुढे १९११ आणि १९२४मध्ये तो आणखी आवळला. माझे पणजोबा गिरणीत काम करायचे आणि पाळी संपली की कुंपणात परत येऊन हजेरी द्यायचे. एखाद्याने काही केलंय का, हा प्रश्नच नव्हता. तो कोणाच्या पोटी जन्मला आणि कुठे राहतो, यावरून तो उद्या काय करील याचा अंदाज सरकारने आधीच बांधून ठेवला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. जात इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या हजेरीपटावर तीच सगळ्यात आधी लिहिलेली असायची.

तेव्हा तुमच्या यंत्राशी माझं नातं दुहेरी आहे. माझ्या घरच्यांचा अंदाज यापूर्वी एकदा बांधून झालेला आहे. आणि तुमचं यंत्र ज्या गणितावर चालणार ते गणित मी वर्गात शिकवते.

सुरुवातीलाच सांगते, मी संगणकाच्या विरोधात नाही. गुन्ह्यांचा अभ्यास संगणकावर करण्याची एक अतिशय चांगली रीत आहे, तिला सिम्युलेशन म्हणतात. रस्त्यांचा नकाशा खरा घ्यायचा, त्यात माणसं मात्र खोटी सोडायची. कोणी सकाळी कामावर जातं, कोणी बाजारात, कोणी रात्री उशिरा परततं. १९७९मध्ये कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी साधी गोष्ट मांडली होती : चोरी करायच्या विचारात असलेला माणूस, चोरण्याजोगं काहीतरी आणि लक्ष ठेवणाऱ्याची गैरहजेरी, हे तीन एका जागी एका वेळी जमले की गुन्हा घडतो. एलिझाबेथ ग्रॉफ या संशोधिकेने अमेरिकेतल्या सिअॅटलच्या रस्त्यांवर अशी खोटी माणसं चालवून, लोक घराबाहेर जास्त वेळ राहू लागले तर रस्त्यावरची लुटालूट वाढते का, हे तपासलं. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये घरफोडीचं असंच प्रतिरूप बनवून, एखाद्या भागाचा पुनर्विकास झाला तर चोर कुठे सरकतील, हे पाहिलं गेलं. खऱ्या शहरात हे प्रयोग कोण करू देईल? अर्ध्या सोलापूरचे दिवे घालवून चोऱ्या वाढतात का बघू म्हटलं तर लोक महापालिकेत घुसतील.

पण खोट्या शहराचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. तिथे किती गुन्हे घडले हे आपल्याला नेमकं माहीत असतं, कारण ते आपणच घडवलेले असतात. खऱ्या शहरात ते कोणालाही माहीत नसतं. तुम्हालाही नसतं. तुम्हाला माहीत असतं ते फक्त ठाण्यात काय लिहिलं गेलं. म्हणून एखादं अंदाजाचं यंत्र गुन्हे ओळखतंय की पोलिसांची जुनी सवय ओळखतंय, हे खऱ्या शहरात तपासताच येत नाही. ते तपासायची जागा एकच, खोटं शहर.

वर्गात मी एक अगदी छोटं शहर मांडते. दोन पेठा, पूर्व आणि पश्चिम. दोन्हीकडे रोज दोन-दोन चोऱ्या होतात, अगदी सारख्या. मागच्या वर्षीच्या वहीत पूर्वेच्या नावावर ६० नोंदी आहेत, पश्चिमेच्या ४०. का, ते विचारू नका, असतात. गस्तीची गाडी एकच. नियम असा की नोंदी जास्त तिथे गाडी. गाडी असेल त्या पेठेतली दिवसाला एक चोरी नोंदली जाते, गाडी नसेल तिथली एकही नाही. महिनाभराने वहीत ९० आणि ४०. वर्षाने ४२५ आणि ४०. घडलेल्या चोऱ्या? दोन्हीकडे ७३०. आता ही वही कोणाही अधिकाऱ्यासमोर ठेवा. तो म्हणेल, पूर्व पेठ हाताबाहेर गेली आहे, अजून एक गाडी लावा.

खऱ्या प्रणाली इतक्या बाळबोध नसतात, हे मान्य. तरी दोष तोच राहू शकतो. २०१८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे चक्र गणिताने सिद्ध केलं : जिथे पोलीस पाठवले तिथल्याच नोंदी परत यंत्रात घातल्या, तर यंत्र त्याच वस्त्यांकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवत राहतं, मग तिथला खरा गुन्हा कितीही असो. उपायही त्यांनीच सुचवला. पोलीस तिथे होते म्हणून सापडलेला गुन्हा आणि नागरिकाने आपणहून कळवलेला गुन्हा, यांना एका मापाने मोजू नका. आपल्या नोंदींत हा भेद ठेवणं अवघड नाही. ठेवण्याची इच्छा पाहिजे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वहीबद्दल. आमच्या गल्लीतल्या एका विडी कामगार बाईंचा मोबाईल संध्याकाळी रिक्षा स्टँडजवळ दोघांनी गाडीवरून येऊन हिसकावला. मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले. कोणतं ठाणं ते सांगत नाही, कारण हे कुठल्या एका ठाण्यापुरतं नाही. हवालदार माणूस सज्जन होता, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, “मावशी, बिल आहे का? डबा तरी? आयएमईआय नंबर लागंल. गुन्हा दाखल करायचा म्हणता, करू की. पण मग कोर्टात यायला लागतं, रोज बुडतो. त्यापेक्षा गहाळचा अर्ज द्या, शिक्का मारून देतो, सिमकार्ड आजच्या आज मिळतंय.” बाईंना सिमकार्ड हवं होतं, लाडक्या बहिणीच्या केवायसीचा ओटीपी त्याच नंबरवर येणार होता. अर्जाचा मसुदा काचेखाली तयारच होता. ‘बाजारात खरेदी करीत असताना माझ्याकडून मोबाईल कोठेतरी गहाळ झाला.’ बाईंनी अंगठ्याशेजारी मोडकी सही केली आणि एक जबरी चोरी महाराष्ट्रातून नाहीशी झाली.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलेलं आहे. हवालदाराला ते माहीत नसेल असं नाही. पण नोंद वाढली की वरून विचारणा होते, अधिवेशनात प्रश्न लागतो, वर्तमानपत्रात ‘गुन्हेगारी वाढली’ असा मथळा येतो. मग वही हलकी ठेवायची ओढ सगळ्यांनाच. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१७मध्ये मुंबईसह चार महानगरांत घरोघरी विचारून पाहिलं, तेव्हा चोरी झालेल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांपर्यंत एफआयआर पोचला होता. उरलेल्या नव्वदांची शहरं तुमच्या यंत्राला दिसणारच नाहीत. आणि ती नव्वद माणसं शहरभर सारखी पसरलेली नसतात. ज्याच्याकडे बिल, वकील आणि वेळ आहे त्याची चोरी लिहिली जाते.

यावर कोणी म्हणेल, मग फक्त नागरिकांच्या तक्रारीच घ्या, छाप्यांच्या नोंदी नकोत, झालं काम. नाही होत. २०२१मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहराच्या आकड्यांवर नेमकं हेच सिम्युलेशन केलं गेलं. फक्त तक्रारींवर शिकवलेलं यंत्रसुद्धा, जिथे लोक तक्रार कमी करतात ते भाग चुकवतं, आणि जिथे लोक लगेच फोन उचलतात तिथे गरजेपेक्षा जास्त पोलीस धाडतं. म्हणजे त्या विडी कामगार बाईंच्या रिक्षा स्टँडवर गाडी येणार नाही ती नाहीच.

दुसरी तक्रार जास्त लिहिलं जातं त्याबद्दल. एकीकडे आमच्या चोऱ्या गहाळ होतात, दुसरीकडे आमची माणसं वहीत भरभरून येतात. माझा चुलतभाऊ टेम्पो चालवतो. गणपती आले, निवडणूक आली, शेजारच्या बंगल्यांच्या कॉलनीत घरफोडी झाली, की त्याला बोलावणं येतं. चहा पाजतात, दोन-चार तास बसवतात, कधी प्रतिबंधक कारवाईच्या कागदावर सही घेतात आणि सोडतात. न्यायालयात काही उभं राहत नाही, कारण काही नसतंच. पण कागद राहतो. कोंबिंगच्या, म्हणजे पोलीस वस्ती पिंजून काढतात त्या रात्री उचललेल्यांची नावं राहतात. हातभट्टीवरचे छापे, दारूबंदी कायद्याखालचे गुन्हे, यांचे आकडे आमच्या भागात ठसठशीत. गच्चीवर परवान्याविना बाटली उघडणाऱ्या सोसायटीत कोणी छापा टाकत नाही, म्हणून तिथला आकडा शून्य.

हा आमचा कांगावा वाटत असेल तर अमेरिकेतल्या ओकलंडकडे बघा. २०१६मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी कॅलिफोर्नियातल्या त्या शहराची एक खोटी लोकसंख्या संगणकात उभी केली. राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणावरून अमली पदार्थ घेणारे कुठे कुठे असतील याचा अंदाज काढला. ते जवळपास सगळ्या शहरात पसरलेले निघाले. मग पोलिसांच्या अटकेच्या नोंदी ‘प्रेडपोल’ या गुन्ह्याच्या जागेचा अंदाज देणाऱ्या प्रणालीच्या गणितात घातल्या. यंत्राने गस्त पाठवली ती आधीच जिथे अटका होत होत्या त्या गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत. गोऱ्यांच्या मानाने कृष्णवर्णीय साधारण दुप्पट प्रमाणात लक्ष्य झाले. अमली पदार्थांचा वापर दोघांत जवळपास सारखाच होता. तिथे अमली पदार्थ, इथे हातभट्टी.

या प्रेडपोलची जन्मकथा मला फार बोलकी वाटते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या गणितज्ञांनी भूकंपशास्त्रातून समीकरण उचललं. मोठ्या धक्क्यानंतर आसपास छोटे धक्के बसतात, तसं एका घरफोडीनंतर आसपासच्या घरांना काही दिवस धोका वाढतो. निरीक्षण खरं आहे, अनेक देशांत ते आढळलं आहे, आणि समीकरण सुंदर आहे. मी शिकवते ते. पण भूकंपमापक गाव बघून नोंद करत नाही. किल्लारी असो की मलबार हिल, जमीन हलली की सुई हलते. इथे सुईच्या जागी हवालदार आहे.

आणि निकाल काय लागला? लॉस एंजेलिस पोलिसांनी ही प्रणाली २०११पासून वापरली. २०१९मध्ये त्यांच्याच महानिरीक्षकांना, तिचा उपयोग झाला की नाही, हे तपासणीत ठरवता येईना. २०२०मध्ये ती बंद केली. सांता क्रूझ हे शहर म्हणजे कंपनीचं माहेर. त्याच शहराने त्याच वर्षी असल्या प्रणालींवर बंदी घातली. न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डमध्ये २०१८ सालचे २३ हजारांहून जास्त अंदाज पत्रकारांनी नंतर तपासले, तेव्हा त्यातले शंभरसुद्धा नोंदलेल्या गुन्ह्यांशी जुळले नाहीत. शिकागोने तर जागा सोडून माणसांचीच यादी केली, कोणाला किती धोका याचे गुण देऊन. २०१६च्या अभ्यासात दिसलं की यादीतल्यांचा बळी जाण्याचा धोका कमी झाला नाही, अटक होण्याची शक्यता मात्र वाढली. ती यादीही गुंडाळली. युरोपीय संघाने २०२४च्या कायद्यात केवळ स्वभाव-वैशिष्ट्यांवरून एखादा माणूस गुन्हा करील असं भाकीत करणाऱ्या प्रणालींना मनाई केली, आणि ती फेब्रुवारी २०२५पासून लागू झाली. दूर कशाला, दिल्ली पोलिसांच्या ‘सीमॅप्स’ या नकाशा प्रणालीवरही २०२०मध्ये अभ्यास झाला आहे आणि नोंदी घेण्याच्या पद्धतीतच गरीब वस्त्यांविरुद्ध कल कसा शिरतो, हे त्यात दाखवलं आहे. इतक्या जणांनी पैसे मोजून शिकलेला धडा आपल्याला फुकट मिळतो आहे.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद रद्द केला. विमुक्त, म्हणजे १९५२मध्ये ‘गुन्हेगार जमाती’च्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, याची काळजी घ्या, असं त्या निकालात पोलिसांना सांगितलं आहे. तुमचं यंत्र जात विचारणार नाही, हे मला माहीत आहे. त्याला जात विचारायची गरजच नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी, एवढा पत्ता पुरे.

माझ्या मागण्या आता लिहिते. त्यात एकही अशी नाही की जिच्यासाठी तुम्हाला नवा कायदा करावा लागेल.

१. गुन्ह्याच्या जागेचा अंदाज देणारी कोणतीही प्रणाली एकाही ठाण्यात वापरण्याआधी ती खोट्या शहरात चालवून दाखवा. शहर असं हवं की त्यातला प्रत्येक गुन्हा आपल्याला माहीत आहे. मग त्याच्या वहीत मुद्दाम खोट घाला : एका पेठेच्या निम्म्या तक्रारी ‘गहाळ’ करा, दुसऱ्या पेठेत कोंबिंग वाढवा. यंत्राला ही खोट ओळखता येते का, की ते तिलाच खरं मानून वाढवत नेतं, हे मोजा. पाच वर्षं पुढे चालवा, एक महिना नको. चक्र फिरायला वेळ लागतो. ही परीक्षा कंपनीने स्वतःची स्वतः घेऊ नये. राज्यात संख्याशास्त्राचे इतके विभाग आहेत, त्यांना द्या. नापास झाली तर प्रणाली वापरायची नाही, हे आधीच लेखी ठरवा.

२. प्रतिबंधक कारवाया, कोंबिंगमधल्या अटका, दारूबंदीचे छापे आणि ‘रेकॉर्डवरचा’ म्हणून बोलावलेल्यांच्या नोंदी यंत्राच्या शिकवणीत घालू नका. ११२वर आलेला फोन आणि पोलिसांनी जाऊन शोधलेला गुन्हा यांचे रकाने वेगळे ठेवा.

३. माणसांना गुण नकोत. जागेचा अंदाज आणि माणसाचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी राज्यात कुठेही करणार नाही, असं जाहीर करा.

४. यंत्राने नकाशावर लाल चौकोन दाखवला, हे कोणाची झडती घ्यायला, कोणाला ठाण्यात बसवून ठेवायला कारण होऊ शकत नाही, असं परिपत्रक काढा. बीट मार्शलपर्यंत पोचेल अशा मराठीत काढा.

५. प्रत्येक अंदाज जपून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी हिशेब द्या : किती अंदाज केले, किती जुळले, कुठल्या भागावर किती वेळा बोट ठेवलं. प्लेनफिल्डचा हिशेब पत्रकारांना काढावा लागला. आपला हिशेब आपण काढू.

६. घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यावर काही गुन्हा घडला का, तुम्ही ठाण्यात गेला होता का, तिथे काय झालं’ असं विचारणारं सर्वेक्षण सुरू करा. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते १९८२पासून चालू आहे. आपल्याकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्यांना हे काम येतं. खरी वही तीच. ती नसताना यंत्राला शहाणपण शिकवायला आपल्याकडे पुस्तकच नाही.

७. परीक्षा आणि हिशेब तपासणाऱ्या समितीत विमुक्त आणि भटक्या जमातींची माणसं घ्या, मानाची खुर्ची म्हणून नव्हे. एखाद्या भागात नोंदी का वाढल्या हे संगणकाआधी त्यांना कळतं.

आणि एक विनंती, तिला मागणी म्हणत नाही. ही सगळी हुशारी वस्तीकडे बोट दाखवण्याऐवजी वस्तीच्या कामी लावून बघा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाची रात्रपाळी सुटते, पगाराच्या दिवशी कामगारांच्या खिशात पैसे असतात, रस्त्यावर काही ठिकाणी दिवे नाहीत. विड्या देऊन परतणाऱ्या बायका ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने येतात. या माणसांना खोट्या सोलापुरात चालवा आणि विचारा : दिवे कुठे लावले, पाळी अर्धा तास अलीकडे आणली, रिक्षा स्टँड पन्नास पावलं सरकवला, बस अर्धा तास उशिरापर्यंत चालवली, तर किती हिसकाहिसकी थांबेल? या सिम्युलेशनला कोणाच्याही नावाची, जातीची, जुन्या केसची गरज लागत नाही. लागतो तो रस्त्यांचा नकाशा, पाळ्यांच्या वेळा आणि थोडी माणुसकी. ते चुकलं तरी एक दिवा जास्त लागेल. कोणी रात्रभर ठाण्यात बसणार नाही.

माझ्या दोन पेठांच्या शहराचा प्रोग्रॅम एका पानात मावतो. आपल्या तंत्रज्ञांना हवा असेल तर देईन, नागपूरला येऊन चालवूनही दाखवीन. सुट्टी मी माझी काढीन. तुमच्या प्रणालीचं गणित मात्र तुम्ही उघड्यावर ठेवायला हवं. कंपनीचं व्यापारी गुपित, एवढं उत्तर चालणार नाही, कारण ज्या वस्तीवर ते चालणार तिथल्या माणसांनी त्या कंपनीशी काही करार केलेला नाही.

उत्तर मला टपालाने पाठवू नका. विभागाच्या संकेतस्थळावर टाका, मराठीत, मुद्द्याला मुद्दा धरून. सात मागण्यांपैकी ज्या मान्य नसतील त्यांच्यापुढे ‘अमान्य’ असं लिहा आणि कारण द्या.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका
सोलापूर